दर घासाला नवं पोट

पॅरामेशियम हा पाण्यातला एकपेशीय जीव. आठवीतल्या भाचीच्या वहीत त्याच्याबद्दल वाक्य होतं, ‘पॅरामेशियमला पोट नसल्यामुळे अन्न थेट पेशीद्रवात विरघळते.’ त्यावर बरोबरची खूणही होती. मला राहवलं नाही. तसं झालं असतं तर पॅरामेशियम पहिल्याच घासाला मेलं असतं. पचन करणारी विकरं प्रथिनं फोडतात. ती प्रथिनं गिळलेल्या जिवाणूची की पेशीची स्वतःची, हे विकरांना कळत नाही.

म्हणून हा जेमतेम पाव मिलिमीटरचा जीव दर घासाला नवं पोट तयार करतो. अंगावरच्या पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे बारीक हलते धागे, पाण्याचा भोवरा करून जिवाणूंना तोंडाच्या खाचेत ढकलतात. खाचेच्या तळाशी पेशीपटल आत फुगतं, भरतं आणि पिशवी होऊन सुटतं. हीच अन्नधानी. पेशीपटलाची जी बाजू बाहेरच्या पाण्याला लागून होती, तीच आता पिशवीची आतली बाजू झाली. म्हणजे अन्न गिळलं, तरी अजून ‘बाहेर’च आहे. आपल्या आतड्यातल्या पोळीभाजीचंही तसंच असतं.

पुढचं सूक्ष्मदर्शकाखाली रंगांत दिसतं. यीस्ट काँगो रेड या रंगात उकळून पॅरामेशियमला द्यायचं. हा रंग पीएच 5 च्या वर तांबडा, 3 च्या आसपास निळा (पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). काही मिनिटांत तांबड्या अन्नधान्या निळ्या पडू लागतात! लहान आम्लपिशव्या येऊन अन्नधानीत मिसळतात. त्यांच्या पटलातले प्रोटॉन पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन आत ढकलतात. अन्नधानी आक्रसते, जिवाणू मरतात. मगच लयकारिका, म्हणजे पेशीतल्या विकरांनी भरलेल्या पिशव्या, येऊन मिसळतात आणि विकरं ओततात. आता पीएच पुन्हा चढतो, निळा रंग परत तांबडा होतो. सुट्या झालेल्या शर्करा आणि अमिनो आम्लं पटलातून पेशीद्रवात झिरपतात. अन्न खऱ्या अर्थाने आत जातं ते इथे. उरलेला चोथा एका ठरलेल्या छिद्रातून बाहेर पडतो. विकरं बरीचशी आधीच परत घेतलेली असतात, आणि रिकाम्या पिशवीच्या पटलाच्या चपट्या चकत्या होऊन सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून तोंडाकडे परततात, पुढच्या घासासाठी. काहीही वाया नाही. हे चक्र पुरं व्हायला वीसेक मिनिटंही पुरतात.

‘शरीर अल्कधर्मी ठेवा’ म्हणत महागडं पाणी विकणाऱ्यांनी ही निळी पिशवी एकदा बघावी. आम्ल हा विकार नाही. ते योग्य जागी, योग्य वेळी लागतंच, आपल्या जठरातही.

लयकारिकांचा शोध क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी 1955 मध्ये लावला. शाळेत त्यांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांचं रोजचं काम पचनाचं आहे.

आणि ही कला आपणही सोडलेली नाही. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे प्राणिशास्त्रज्ञ एली मेच्निकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी पाहिलं, तर फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातला होता. आपल्या काही पांढऱ्या पेशी जंतूंना असंच गिळतात, पिशवीत कोंडतात, आम्ल सोडतात. याच कामासाठी मेच्निकॉव्ह यांना 1908 चं नोबेल विभागून मिळालं.

त्याच 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. तो जंतू या पिशवीत शिरतो आणि लयकारिका तिच्यात मिसळूच देत नाही. पिशवीत आम्ल पुरेसं वाढत नाही, आणि जो घास व्हायचा तो आतच वाढत राहतो.