डस्टर की स्विंगर: चौघांनी मिळून उभी करायची पहिली मसल कार

अमेरिकेत चार-पाच जण मिळून एखादी जुनी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची दोन दारांची अमेरिकी गाडी, घ्यायचं ठरवतात, तेव्हा पहिली नावं निघतात ती मस्टँग, कमारो आणि चार्जरची. भाव कळले की यादी भराभर आटते आणि बहुतेक वेळा दोन गाड्यांपाशी येऊन थांबते: प्लिमथ डस्टर आणि डॉज डार्ट स्विंगर. जाहिरातींत या दोघींची इतकी सरमिसळ असते की विकणाराही कधी डस्टरला डार्ट म्हणतो, तर कधी डार्टला डस्टर. भारतातल्या वाचकांसाठी एवढं सांगून ठेवतो की रेनोच्या डस्टरचा इथे काहीही संबंध नाही.

प्लिमथ आणि डॉज ही क्रायस्लर या एकाच कंपनीची नावं, म्हणून दोन्ही गाड्या क्रायस्लरच्या, दोन्ही ‘ए-बॉडी’ या घराण्यातल्या. वजनाने हलक्या, बांधणीला साध्या. क्रायस्लरची नावं आपल्याकडेही परकी नाहीत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची सुरुवातच डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडण्यापासून झाली, फियाट नंतर आली.

डार्ट थोरली. १९६७ मध्ये तिचं अंग नव्याने घडवलं आणि १९६९ मध्ये दोन दारांची हार्डटॉप ‘स्विंगर’ नावाने बाजारात आली. डस्टर १९७० ची. प्लिमथच्या हाताशी पैसा बेताचा होता, म्हणून त्यांनी साध्या व्हॅलियंट सेदानचं तोंड पुढच्या काचेपर्यंत जसंच्या तसं ठेवलं आणि मागे उतरत्या छपराचं, फुगीर कुशीचं नवं अंग बसवलं. गाडी धडाक्याने खपली. मग डॉजला डस्टरसारखी गाडी हवी झाली आणि प्लिमथला स्विंगरसारखी. १९७१ मध्ये डस्टरच्या अंगावर डार्टचं तोंड बसवून डॉजने ‘डेमन’ काढली आणि स्विंगरचीच बहीण प्लिमथने ‘स्कॅम्प’ म्हणून विकायला घेतली. डेमन, म्हणजे सैतान, हे नाव धार्मिक मंडळींना खटकलं आणि १९७३ पासून तीच गाडी ‘डार्ट स्पोर्ट’ झाली. सगळा गोंधळ इथे आहे: डार्ट स्पोर्ट नावाने डार्ट, पण अंगाने डस्टर.

तेव्हा नाव बघू नका, टेप काढा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत १०८ इंच भरले तर ती डस्टर, डेमन किंवा डार्ट स्पोर्ट. १११ इंच भरले तर स्विंगर किंवा स्कॅम्प. टेप नसेल तर मागची काच बघा. स्विंगरची मागची काच आतल्या बाजूला वळलेली असते. डस्टरचं छप्पर उतारावरून घसरत थेट डिकीपर्यंत येतं.

गटासाठी गाडी निवडताना माझं लक्ष इंजिनाआधी अंगाकडे जातं. या गाड्यांची इंजिनं दणकट आहेत, सुटे भाग मिळतात आणि चुकलं तर परत खोलता येतं. काच आणि पत्रा मात्र नवशिक्यांचा उत्साह खातात. स्विंगर हार्डटॉप आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये खांबच नाही. चारही काचा खाली गेल्या की बाजू पूर्ण मोकळी होते, आणि त्या रूपाला तोड नाही. पण त्या मोकळेपणाची किंमत दाराच्या आत मोजावी लागते. पुढची काच वर येते, मागची काच वर येते आणि दोघींच्या कडा एका उभ्या रबरावर बरोबर भेटायला हव्यात. वरची कड छपराच्या बीडिंगला टेकली पाहिजे, पण घासता कामा नये. त्यासाठी दाराच्या आतले रूळ आणि अटकाव ढिले करून, थोडे सरकवून, परत आवळायचे. एक बोल्ट हलला की दुसरीकडचं जुळलेलं बिघडतं. आधी दार बिजागऱ्यांवर सरळ बसलेलं नसेल, तर ही सगळी मेहनत वाया. धीराचा एक माणूस हे काम सुंदर करू शकतो, पण शनिवारी दोन तास येणाऱ्या चौघांना ते पेलत नाही, कारण प्रत्येक जण आदल्याने जुळवलेलं थोडं हलवतो.

डस्टरमध्ये दारामागे खांब आहे. मागच्या बाजूच्या काचा खाली जात नाहीत, फार तर बिजागरीवर जराशा बाहेर उघडतात. दार खांबाशी जुळवायचं, काच रबराशी जुळवायची, आणि काम पुढे सरकतं. गटाला हे फार मोलाचं असतं, कारण पहिल्या वर्षात काहीतरी पुरं झालेलं डोळ्यांना दिसलं नाही तर माणसं येईनाशी होतात.

स्विंगरच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो लहान नाही. चार दारांची डार्ट सेदान गावोगावी पडून असते आणि तिला फारसं कुणी विचारत नाही. त्याच सालातल्या सेदानचे पुढचे मडगार्ड, बॉनेट, बंपर स्विंगरला लागतात. सुटे भाग काढायला एक अख्खी सेदान अंगणात ठेवायची सोय असेल, तर स्विंगर परवडते. मागच्या सीटवर ऐसपैस बसायचं असेल तरी तीच बरी. रुंद टायर घालायचे असतील तर मात्र डस्टर, कारण तिच्या मागच्या चाकांच्या कमानीत जागा जास्त आहे.

गंज दोघींचा शत्रू. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि या गाड्यांना वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं अंग हाच सांगाडा. म्हणून गाडी बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर हवाच. मागच्या चाकांच्या पाठच्या पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली आहे. डिकीतलं मॅटिंग उचला. छपरावर व्हायनलचं (प्लास्टिकसारखं) आवरण असेल तर मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत बोटाने दाबून बघा, तिथे पाणी साचतं आणि व्हायनलखाली वर्षानुवर्षं झाकलेलं राहतं. मग गाडीखाली झोपा आणि पुढच्या सीटखालचा आडवा पत्रा शोधा.

हा आडवा पत्रा म्हणजे गाडीचा कणा. क्रायस्लरने पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार दिले, म्हणजे लांब पोलादी दांडे, जे पिळले जाऊन गाडीचा भार पेलतात. त्यांची मागची टोकं याच पत्र्यात अडकवलेली असतात. तिथे स्क्रू ड्रायव्हर आत घुसला तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. जमिनीचा पत्रा नवा मिळतो, डिकीचा मिळतो, पण हा भाग बदलायला सांगाडा नीट आधारावर धरणारा अनुभवी वेल्डर लागतो. पत्रा शाबूत असेल, तर हेच दांडे गटाच्या सोयीचे ठरतात. बोल्ट फिरवून भार उतरवता येतो आणि दाबलेली स्प्रिंग उडून कुणाला लागण्याची भीती राहत नाही. डावा आणि उजवा दांडा वेगळा असतो, काढतानाच खूण करून ठेवा.

आता ‘३४०’ या आकड्याबद्दल. ३४० क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण ५.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन ही या घराण्याची शान. १९७० च्या डस्टर ३४० ची कागदावरची ताकद २७५ हॉर्सपॉवर होती आणि ती नवी सुमारे २,५०० डॉलरला मिळायची. स्विंगर ३४० मात्र १९६९ आणि १९७० अशी दोनच वर्षं आली. आज खऱ्या ३४० गाड्या गटाच्या खिशाबाहेर आहेत, म्हणून साध्या डस्टरवर ३४० चे पट्टे चिकटवून विकणारे भेटतात. पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर गाडीचा क्रमांक असतो, त्याचं पाचवं अक्षर वाचा. १९७० ते १९७३ मध्ये एच म्हणजे ३४०, जी म्हणजे त्याहून लहान व्ही-८, ३१८, सी म्हणजे सहा सिलिंडरचं २२५. सातवं अक्षर कारखान्याचं. तिथे बी असेल तर गाडी हॅमट्रॅमॅकच्या ‘डॉज मेन’मधली. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि त्या परिसरात आज जनरल मोटर्सच्या विजेवरच्या गाड्या बनतात.

३१८ घ्यायला कमीपणा वाटण्याचं कारण नाही. १९७२ पासून कंपन्यांनी ताकद मोजायची पद्धत बदलली. आधी इंजिन एकटं, पट्टे-पंखे न जोडता मोजायचे, नंतर गाडीत बसवलेल्या स्थितीत मोजू लागले. म्हणून ३१८ चा आकडा २३० वरून १५० वर आलेला दिसतो. इंजिन तेवढं दुबळं झालं असं नाही. पुढे ताकद वाढवायची तर ३४० आणि ३१८ चे माउंट, म्हणजे इंजिन गाडीत धरून ठेवणारे आधार, सारखे आहेत. त्याहून मोठं ३६० बसवायचं तर माउंट वेगळे लागतात, शिवाय त्या इंजिनाचा तोल बाहेरच्या वजनांवर साधलेला असल्याने ३१८ चा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) तसाच लावला तर गाडी थरथरते.

गटात शाळकरी मुलं असतील, तर मी सहा सिलिंडरच घेईन. हे इंजिन ३० अंश कलतं बसवलेलं आहे, म्हणून त्याला ‘स्लँट सिक्स’ म्हणतात. कलण्यामुळे एका बाजूला हात घालायला भरपूर जागा मिळते. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, हाताने करावं लागतं: इंजिन गरम आणि चालू असताना, इनटेकला दहा आणि एक्झॉस्टला वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग). फिलर गेजची पट्टी किंचित घासत सरकली की बरोबर. इंजिनाच्या आत काय चालतं हे मुलांना एका दुपारी कळतं.

सालाबाबत माझी पसंती १९७३ ची डस्टर. त्या वर्षी पुढच्या चाकांची जुळणी सुधारली आणि डिस्क ब्रेकच्या गाड्यांना चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास चारऐवजी साडेचार इंचांचा झाला, त्यामुळे चाकं सहज मिळतात. १९७४ मध्ये मागेही अवजड बंपर आला आणि सरकारी नियमामुळे सीट बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये अशी यंत्रणा बसली. लोकांनी इतका आरडाओरडा केला की त्याच वर्षी अमेरिकी संसदेने तो नियम काढून टाकला. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी १९७६ ची गाडी टाळावी, तिथे धुराच्या चाचणीतून सूट १९७५ पर्यंतच्या गाड्यांनाच आहे. आणि १९७० किंवा त्याआधीची घेतली, तर डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असू शकतात हे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा. नव्याने आलेला माणूस जोर लावून स्टड तोडतो.

पैसे देण्याआधी टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, क्रमांक डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. गाडी अनेकांच्या नावावर करायची असेल, तर बऱ्याच राज्यांत नावं ‘आणि’ने जोडली की विकताना सगळ्यांच्या सह्या लागतात, ‘किंवा’ने जोडली तर एक जण परस्पर विकू शकतो. कुणी गाव सोडून गेलं तर त्याच्या वाट्याचं काय, हेही पहिला बोल्ट ढिला करण्याआधीच कागदावर यावं.

वायरिंगचं काम एकाच माणसाकडे द्या. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्यातून) फिरून जातो, आणि वाटेत इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या जोडणीत तापून वितळलेल्या पिना सापडतात. ती जोडणी उघडून प्रत्येक पिन बघितल्याशिवाय बॅटरी लावू नका. आणि गाडी किल्ली फिरवताना सुरू होते, पण किल्ली सोडताच बंद पडते असं झालं, तर कार्बोरेटर खोलत बसू नका. त्याच भिंतीवरचा पांढरा, चिनीमातीचा बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनकडे जाणारा प्रवाह कमी करणारा भाग) जळलेला असतो. थोडक्या पैशांत मिळतो, दोन घेऊन एक डिकीत टाकून ठेवा.