मंदी आली की बुडणार कोण? ऑनलाइन धंद्याची थोडी पार्श्वभूमी

आमच्या दाराशी एक खोका कायम असतो, परत आलेल्या पार्सलचा. मागच्या आठवड्यात त्यातलं एक फोडलं तर कांदा-लसूण मसाल्याच्या अर्ध्या किलोच्या पाकिटाचं तेल सुटून आतला कागद लालभडक झालेला, आणि वर लेबल, ग्राहक उपलब्ध नाही. कोल्हापुरातून निघून एकोणीस दिवस फिरून आलेलं. जायचं भाडं आमचं, यायचं भाडं आमचं आणि मसालाही आमचाच. ऑनलाइन विकणारे ह्याला आरटीओ म्हणतात, म्हणजे लायसन्सवालं ऑफिस नव्हे, माल निघाला तिथे परत. बाजार थंड असला की आमच्याकडे हे वाढतं, लोक रात्री हौसेने ऑर्डर टाकतात आणि पार्सल दाराशी येईपर्यंत महिनाअखेर आलेली असते.

हे सगळं आपल्या गळ्यात कसं आलं ते शोधायला गेलो तर बराच मागे गेलो. मंदी आली की ऑनलाइन धंद्यात सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, माल खपला नाही तर बुडणार कोण, आणि दर मंदीत त्याचं उत्तर थोडं थोडं सरकत गेलंय. वरून खाली. निदान मला तरी तसंच दिसतं.

सुरुवात पोस्टापासून करू, कारण कॅश ऑन डिलिव्हरी ही काय कुठल्या स्टार्टअपची अक्कल नाही. आपल्या पोस्टखात्याने 1877 साली व्हीपीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट, सुरू केली. माल पोस्टाने पाठवायचा, पोस्टमन पैसे घेऊन मगच पार्सल सोडणार आणि ते पैसे विकणाऱ्याला पाठवणार. जुन्या मराठी मासिकांच्या मागच्या पानांवर औषधं, घड्याळं, पुस्तकं सगळं ‘व्ही. पी. ने मागवा’. आणि तेव्हाही लोक पार्सल नाकारायचेच, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की ऑर्डरसोबत थोडी रक्कम आगाऊ पाठवा. ही ओळ लक्षात ठेवा.

आता इंटरनेट. पहिली गाजलेली बॅनर जाहिरात, म्हणजे वेबपानावरची पट्टी, लागली 27 ऑक्टोबर 1994 ला, हॉटवायर्ड नावाच्या अमेरिकन साइटवर, एटीअँडटी कंपनीची. बघणाऱ्या शंभरातल्या 44 जणांनी तिच्यावर क्लिक केलं म्हणतात. आज शंभरात एक मिळाला तरी आम्ही खूश. त्या काळात भाव ठरायचा हजार वेळा दिसली की इतके डॉलर असा, म्हणजे पेपरातल्या जाहिरातीसारखंच, कोणी विकत घेवो न घेवो छापणाऱ्याचे पैसे फिक्स. बुडणारा कोण, तर जाहिरात देणारा. पण तेव्हा कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं कारण पैसे गुंतवणूकदारांचे होते, एक डॉटकॉम, म्हणजे इंटरनेटवर धंदा करणारी नवी कंपनी, दुसऱ्या डॉटकॉमवर जाहिरात करायची, दुसरी तिसरीवर, आणि सगळ्यांच्या वहीत कमाई दिसायची. जानेवारी 2000 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलमध्ये, अर्ध्या मिनिटाला साधारण 20 लाख डॉलर मोजून डझनाहून जास्त डॉटकॉम कंपन्या झळकल्या. त्यातली पेट्स डॉट कॉम कुत्र्या-मांजरांचं खाणं विकायची, मोज्याच्या बाहुल्याचा कुत्रा हा तिचा चेहरा. फेब्रुवारीत शेअर बाजारात आली, नोव्हेंबरात दुकान बंद. कुत्र्याच्या खाण्याच्या जड पोत्याला लागणारं भाडं आणि त्यातला नफा ह्यांचा मेळच बसत नव्हता हो, कोल्हापुरातला कुठलाही किराणावाला दोन मिनिटांत सांगू शकला असता.

10 मार्च 2000 ला नॅस्डॅक, म्हणजे अमेरिकेतल्या टेक कंपन्यांचा सेन्सेक्स म्हणा, 5,048 वर होता, ऑक्टोबर 2002 मध्ये 1,114. या अडीच वर्षांत जे झालं त्याच्यातून आजचं जवळजवळ सगळं डिजिटल मार्केटिंग निघालंय, त्यामुळे इथे जरा थांबतो.

बॅनर घेणारी डॉटकॉम गिऱ्हाइकं मेल्यावर बॅनर विकणारे पण आडवे झाले. याहूची कमाई 2000 साली 111 कोटी डॉलर होती, 2001 मध्ये ती 71 कोटींवर आली. त्याच वेळी एक वेगळी पद्धत चालू होती. बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने 1998 मध्येच सर्चमधल्या जागेचा लिलाव सुरू केला होता, तुम्ही शब्द निवडा, बोली लावा, आणि पैसे कधी द्यायचे तर कोणी क्लिक केलं तरच. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, सर्चमध्ये पैसे घेऊन नंबर लावणं हे काय सभ्य काम आहे का. पुढे हीच ओव्हरचर झाली. गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये, म्हणजे पडझड चालू असतानाच, 350 जाहिरातदारांना घेऊन जाहिराती विकणारं अ‍ॅडवर्ड्स काढलं, पण तेही आधी हजार वेळा दिसण्याच्या हिशोबानेच विकायचं. फेब्रुवारी 2002 मध्ये गूगलने ते क्लिकवर आणलं आणि त्यात एक मेख मारली, नुसती बोली मोठी असून चालणार नाही, जाहिरातीवर लोक खरंच क्लिक करतात का तेही बघणार. गूगलची कमाई 2001 मध्ये 8.6 कोटी डॉलर, 2002 मध्ये जवळपास 44 कोटी. बाजार तळाला असताना!

कारण साधं होतं. ज्याच्याकडे मोजकेच पैसे उरलेत तो ‘दिसण्याला’ पैसे देत नाही, दुकानात माणूस आणून दाखवलास तर देतो म्हणतो. जोखीम थोडा वेळ का होईना, जाहिरात देणाऱ्याकडून छापणाऱ्याकडे गेली. बाकी सगळ्या इतिहासात ती उलटीच गेलीय, हा एवढाच अपवाद.

अ‍ॅमेझॉन वाचली त्यात नशीब पण होतं, फेब्रुवारी 2000 मध्ये म्हणजे कोसळायच्या बरोब्बर महिनाभर आधी त्यांनी युरोपात रोखे विकून 69 कोटी युरो उभे केले होते. अजून थोडे थांबले असते तर कोणी दारात उभं केलं नसतं. पहिला नफा दिसला 2001 च्या शेवटच्या तिमाहीत, 50 लाख डॉलर. मग जानेवारी 2002 पासून 99 डॉलरच्या वरच्या ऑर्डरला डिलिव्हरी फुकट, पुढे तो आकडा 25 पर्यंत उतरवला आणि टीव्हीवरच्या जाहिराती बंद करून ते पैसे भाड्यात घातले. फुकट डिलिव्हरीची सवय लागली ती इथून. आज ग्राहक आमच्याकडे 180 रुपयांचा मसाला मागवून विचारतो, शिपिंग फ्री आहे ना.

इकडे आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. 2000 साली मुंबईची होर्डिंगं डॉटकॉमच्या नावांनी भरली होती, पण घरी डायल-अप, क्रेडिट कार्ड मोजक्यांकडे, मग विकणार कोणाला. जे टिकले ते दोनच प्रकारांनी. नोकरी डॉट कॉमच्या संजीव बिखचंदानींनी एप्रिल 2000 मध्ये आयसीआयसीआय व्हेंचरकडून 7.3 कोटी घेतले आणि बाजार पडलेला बघून त्यातले बरेच चक्क एफडीत टाकले, जाहिरातीत उडवण्याऐवजी कंपन्यांच्या दारोदार फिरणारी सेल्सची माणसं उभी केली. ऑनलाइन धंदा आणि विक्री पायी! 2006 मध्ये त्यांचा आयपीओ आला. दुसरा प्रकार प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या मेकमायट्रिपचा. दीप कालरांनी इथलं गिऱ्हाईक सोडून अमेरिकेतले भारतीय धरले, त्यांच्याकडे कार्ड होतं आणि दरवर्षी गावी यायचं तिकीट लागायचंच. भारतात विकायला ते 2005 मध्ये आले, आयआरसीटीसीने 2002 पासून लोकांना ऑनलाइन तिकीट काढायची सवय लावल्यानंतर. सवय लावायचा खर्च दुसऱ्याने केला की बरं पडतं.

2008 ची मंदी आपल्याला शेअर बाजारात जास्त दिसली, जानेवारीत 21,000 ला टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 8,000 च्या खाली. फ्लिपकार्ट तेव्हा एक वर्षाची होती, दोघा बन्सलांनी दोन-दोन लाख घालून पुस्तकं विकायला काढलेली, आणि मार्केटिंग काय तर बेंगळुरूत पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बुकमार्क वाटणं. मला हे फार आवडतं. ज्याने नुकतंच पुस्तक घेतलंय त्याच्याच हातात बुकमार्क, क्लिकवाल्या जाहिरातीहून नेमकं. कोणी म्हणेल मंदीत जाहिरात वाढवायची असते, त्याला जुना आधार पण आहे, रोलंड वेल यांनी 1927 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत 1920-21 च्या मंदीचे आकडे मांडले होते की जाहिरात वाढवणाऱ्यांची विक्री बाकीच्यांपेक्षा बरी राहिली. असेल. पण मंदीत जाहिरात वाढवू शकतो तो मुळातच खमका असतो, मग ती विक्री जाहिरातीने टिकली की खमकेपणाने? जाहिरात विकणारे हा प्रश्न कधी विचारत नाहीत.

2010 मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि आपली व्हीपीपी नवे कपडे घालून परत आली. देश ऑनलाइन खरेदी शिकला तो ह्याच्यामुळे, यात वाद नाही. पण पैसे आधी घेणारा दुकानदार आता माल आधी पाठवणारा झाला. मोठ्या कंपनीला परत आलेलं पार्सल म्हणजे एक आकडा, तिच्यामागे गुंतवणूकदार आहे. पाठोपाठ तीच अट बारक्या विकणाऱ्याला लागू झाली, त्याच्यामागे बायकोचे दागिने.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री चलनातल्या 86 टक्के किमतीच्या नोटा रद्द झाल्या आणि मोठ्या साइट्सना काही दिवस कॅश ऑन डिलिव्हरी थांबवावी नाहीतर मर्यादा घालावी लागली. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं होतं, तेव्हा फारसं कोणी विचारत नव्हतं. ऑक्टोबर 2019 ला ते महिन्याला 100 कोटी व्यवहारांवर, ऑगस्ट 2023 ला 1,000 कोटींवर. जाहिरातीपेक्षा ह्या एका गोष्टीने आमच्यासारख्यांचा धंदा जास्त बदलला, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, समोरच्याने क्यूआरवर पैसे टाकले, विषय संपला, मध्ये साइट नाही का दलाल नाही.

ते खरं कळलं 2020 ला. लॉकडाऊन लागला 25 मार्चला, नेमका गुढीपाडवा, हापूसचा हंगाम तोंडावर. रत्नागिरी-देवगडचा बागायतदार वर्षानुवर्षं वाशीच्या मार्केटला पेटी पाठवणार, बऱ्याच जणांनी तिथल्या व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली, भाव तो सांगेल तो. ती साखळी अडली तशी लोकांनी मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप धरले. एका सोसायटीत पन्नास-साठ डझन जमले की टेम्पो निघायचा, पैसे आधी गूगल पेवर, गेटवर बॉक्स उतरवून मोकळे. ऑर्डर सोसायटीतलीच एखादी काकू गोळा करणार, कच्चा निघाला तर शिव्या पण तीच खाणार, कमिशन म्हणून दोन डझन आंबे. त्या एप्रिल-जूनच्या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आक्रसली, मसाले-चटण्या अत्यावश्यक मालात चालून गेल्या पण कपडे, पुस्तकं विकणाऱ्यांना 4 मेनंतरसुद्धा रेड झोनमध्ये, म्हणजे पुण्या-मुंबईत, माल देता येत नव्हता. त्या ग्रुपमधले नंबर ज्यांनी वहीत नीट उतरवून ठेवले त्यांना पुढच्या वर्षी जाहिरात करावी लागली नाही. आमच्या वहीत तेव्हाचे 312 नंबर आहेत, निम्मे अजून दिवाळीला मागवतात.

वहीचं महत्त्व 2021 नंतर अजून वाढलं. अ‍ॅपलने एप्रिल 2021 मध्ये आयफोनवर अ‍ॅपना विचारायला लावलं की तुमचा माग काढू का, बहुतेकांनी नाही म्हटलं, आणि फेसबुकवाल्या मेटाने फेब्रुवारी 2022 मध्ये सांगितलं की यामुळे त्या वर्षी सुमारे 1,000 कोटी डॉलरचा फटका बसेल. जाहिरात कोणाला दाखवायची तेच धूसर झालं, आणि त्याची किंमत शेवटी जाहिरात देणाऱ्यानेच मोजली. वर व्याजदर. रिझर्व्ह बँकेचा रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, स्टार्टअपमधला फुकटचा पैसा आटला, सवलतींची कुपनं पातळ झाली आणि प्लॅटफॉर्मनी विकणाऱ्यांकडून जास्त काढायला सुरुवात केली. विकणाऱ्यांनी मग काय केलं, तर ऑर्डर करताना 99 रुपये यूपीआयने आगाऊ घ्यायचे आणि बाकीचे दारात. वरची बारीक अक्षरातली ओळ आठवते ना, तीच. आम्हीही सुरू केलं, ऑर्डरी थोड्या कमी झाल्या पण खोकाही हलका झाला, आणि ते तेल सुटलेलं पाकीट आगाऊ न घेतलेल्या शेवटच्या काही ऑर्डरींतलं आहे.

एक गाठ मात्र अजून तशीच आहे. जीएसटीत मालाची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साध्या दुकानदाराला नोंदणी लागत नाही, पण मोठ्या प्लॅटफॉर्मवर विकायचं तर पहिल्या रुपयापासून लागायची. 1 ऑक्टोबर 2023 पासून ती अट सैल केली, बारक्यांना नोंदणीशिवाय प्लॅटफॉर्मवर विकता येतं, फक्त आपल्याच राज्यात. म्हणजे कोल्हापुरातली एखादी ताई तिचा मसाला पार नागपूरपर्यंत पाठवू शकते, पण शंभर-एकशेदहा किलोमीटरवर बेळगावात, जिथे हाच मसाला मागणारी मराठी घरं आहेत, तिथे नाही.