मतदानवयाचे रहिवासी आणि मतदानवयाचे नागरिक

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडचा कुणी ना कुणी टेक्सासच्या काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, आकडेवारी मांडतो आणि मेक्सिकोच्या सीमेलगतच्या अमुक काउंटीत लोक मतदानाला कसे निरुत्साही, असं सांगून मोकळा होतो. पुष्कळदा चूक भागाकारातल्या खालच्या आकड्यात असते.

मतदानवयाची लोकसंख्या म्हणजे १८ पूर्ण केलेले सगळे रहिवासी. त्यांतले फक्त अमेरिकन नागरिक वेगळे काढले की दुसरा आकडा. न्यू जर्सीत एडिसनला, म्हणजे मिडलसेक्स काउंटीत, एच-वन-बी व्हिसावर राहणारं मराठी जोडपं पहिल्या आकड्यात आहे, दुसऱ्यात नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरीही नाही! ते मिळालं की माणूस नागरिक झाला, हा आपल्याकडचा समज भलताच चिवट आहे. तिथेच जन्मलेली त्यांची मुलगी मात्र अठराची झाली की दोन्हींत. स्थलांतरित कमी असतील तिथे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. सीमेवर आणि मोठ्या शहरांत मात्र फरक बराच.

या फरकावर खटला निकाली निघाला आहे. टेक्सासने २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, २३वा मतदारसंघ नव्याने आखताना सीमेवरच्या वेब काउंटीचे दोन भाग केले. नव्या आखणीत मतदानवयाच्या लोकसंख्येत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक, ५०.९ टक्के, म्हणजे कागदावर बहुमत. नागरिकच मोजले, तर ४६. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नागरिकांचा आकडा धरला आणि ही आखणी अल्पसंख्याकांच्या मताची ताकद जपणाऱ्या मतदान हक्क कायद्याचा भंग ठरवली.

नोंदणीकृत मतदार ही तिसरी गोष्ट. ती यादीवरून कळते, तिच्यात कुणी अडकू नये. शिक्षेमुळे मतदानाचा हक्क गमावलेले नागरिकही दुसऱ्या आकड्यात असतात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

मतदानाची टक्केवारी काढायची तर मी नागरिकांचाच आकडा घेईन. पण तो शिरगणतीतून येत नाही. २०२०च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा बेत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडला. त्यामुळे हा आकडा पाच वर्षांच्या नमुना पाहणीवरचा अंदाज असतो, त्रुटीच्या मर्यादेसह. टेक्सासच्याच लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत माणसं होती ६४. तिथली टक्केवारी दशांश चिन्हापर्यंत देणाऱ्याला माझा नमस्कार.