निकालानंतरची पंगत : शाळांसाठी माहिती

१ मेला सकाळी झेंडावंदन, मग प्रगतिपुस्तकांचं वाटप, आणि मुलं पांगली की स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण. पुण्यातल्या शाळांना हे जेवण आम्ही करून देतो. बेत ठरलेला : आमरस-पुरी, बटाट्याची भाजी, कैरीची डाळ, मसालेभात, मठ्ठा.

रस त्याच दिवशी पहाटे काढतो. माणशी हापूसचे दोन मध्यम आंबे धरतो, रस फार घट्ट होऊ नये म्हणून थोडी पायरी मिसळतो. दूध, साखर घालत नाही. सुंठ आणि तूप वाढतानाच, ज्याला हवं त्याच्या वाटीत. मे महिन्याच्या उन्हात रस लवकर आंबतो, म्हणून पातेलं बर्फात ठेवूनच आणतो. उरलेला रस कृपया डब्यात भरून घरी नेऊ नका. पुऱ्या शाळेतच तळतो. शेगडी आणि सिलिंडरसाठी मोकळी, हवेशीर जागा द्यावी. जिन्याखाली किंवा बंद खोलीत आम्ही तळण करत नाही.

पानांचा आकडा तीन दिवस आधी कळवा. तो सांगताना शिपाई मामा, सफाईच्या मावशी, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई या सगळ्यांना धरा. सुरुवातीच्या काळात आम्ही नुसतं जेवण पोहोचवायचो. एका शाळेत भांडी न्यायला गेलो, तर दुपारचे तीन वाजले होते. मावशी तेव्हा कुठे जेवायला बसल्या होत्या. सकाळपासून वाढत होत्या, आणि त्यांच्या पानात भात होता, भाजी होती, पण रसाचं पातेलं खरवडूनही वाटीभर निघत नव्हता. वर्षभर ज्यांनी शाळेची घंटा वाजवली त्यांना त्या दिवशी रस मिळू नये, हे आम्हाला फार लागलं. तेव्हापासून वाढपी आमचेच येतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. शाळेतल्या कोणीही वाढायला उभं राहू नये, सगळे एकाच पंगतीला बसावेत, एवढा आमचा आग्रह आहे.

निवृत्त होणारं कोणी असेल तर आधी सांगा. दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असणारे शिक्षक पुष्कळ. त्यांची निवृत्ती ३१ मेला, म्हणजे ऐन सुट्टीत येते, आणि निरोप याच जेवणात दिला जातो. त्यांच्या घरच्यांची पानंही आकड्यात धरा, त्यांच्या शेजारीच मांडू.