दारावरचा शरभ : घडवून घेण्याआधी हे वाचा

फाटकाच्या खांबावर किंवा चौकटीवर बसवायला शरभशिल्प हवं, म्हणून आमच्या कारखान्यात येणारे बहुतेक ग्राहक आधी अर्थ विचारतात. अर्थ कळल्याशिवाय दगड दारावर चढवू नये, असं आम्हालाही मनापासून वाटतं. म्हणून हे माहितीपत्रक.

शरभ हा कल्पित प्राणी. जुन्या संस्कृत वाङ्मयात तो आठ पायांचा आणि सिंहालाही भारी पडणारा आहे. हिरण्यकशिपूला मारल्यावरही नरसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शंकराने शरभरूप घेऊन त्याला आवरलं, अशी कथा लिंगपुराणात येते. किल्ल्यांच्या दरवाज्यांवर मात्र तो सहसा चारच पायांचा, वाघ-सिंहाच्या अंगाचा, कधी पंख असलेला दिसतो. नरसिंह तिथे नसतो. त्याच्या जागी हत्ती असतात.

जंजिऱ्याचं शिल्प एकदा तरी डोळे भरून पाहावं. राजपुरीहून शिडाची होडी थेट दरवाज्याशी लागते आणि मान वर केली की वाघासारखा प्राणी दिसतो. चारही पंजांत चार हत्ती, शेपटीच्या विळख्यात आणखी एक. मांजराच्या पंजाखालच्या उंदराएवढे ते हत्ती आहेत, आणि अर्थाची किल्ली या मापातच आहे. सैन्यातलं सर्वांत मोठं बळ म्हणजे हत्ती. कारागिराने तोच लहान केला आणि गडाचा रक्षक मोठा. दाराशी येणाऱ्याला आतल्या ताकदीचा अंदाज यावा, एवढा साधा आणि रोकडा निरोप त्यात आहे.

हे पाच हत्ती म्हणजे अमुक पाच राजवटी, असं गडावर ठामपणे सांगितलं जातं. आम्ही तसं सांगत नाही, कारण हत्तींवर ना नाव आहे ना निशाण. शिवाय हा प्राणी कुणा एकाच घराण्याचा नाही. जंजिऱ्याचा कोट निजामशाहीत बुऱ्हाणखानाने १५६७ ते १५७१ या काळात बांधला, आणि शरभ शिवनेरीच्या दरवाज्यावरही आहे. आधी पंजे, शेपूट, हत्ती नीट बघावेत, गोष्ट नंतर ऐकावी.

नमुना निवडताना दोन गल्लती नेहमी होतात. दोन डोक्यांचा पक्षी असेल तर तो गंडभेरुंड. तो विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर आहे, म्हैसूरच्या वाडियारांचं तेच राजचिन्ह होतं आणि आज कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हात तो मधोमध आहे. आपल्याकडे मेळघाटातल्या गाविलगडाच्या दरवाज्यावर तो सापडतो. हा गड ज्यांच्याकडे होता त्या वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा, हे लक्षात घेतलं की हा पक्षी वऱ्हाडात कसा आला याचा धागा लागतो. नुसतं वटारलेल्या डोळ्यांचं तोंड असेल तर ते कीर्तिमुख. ते मंदिराच्या उंबरठ्यावर शोभतं, शरभाच्या जोडीला मागू नये.

आता घडाईबद्दल. आम्ही काळ्या पाषाणात काम करतो. शेपूट पाठीवरून वळवून मागच्या दगडातच उठावात ठेवतो. सुटी, बाहेर निघालेली शेपूट हौसेने मागितली जाते, पण ती पहिल्यांदा तुटते. पंखांची कडही आम्ही फार पातळ करत नाही. हत्ती किती हवेत ते तुम्ही ठरवा, मात्र दगड दोन फुटांपेक्षा अरुंद असेल तर एक किंवा दोनच घ्यावेत. जास्त घेतले तर सोंडा आणि पंजे एकमेकांत मिसळतात आणि खालून नुसता गोळा दिसतो. जोडी बसवायची असेल तर दोघांची तोंडं वाटेकडे, येणाऱ्याच्या समोर ठेवावीत.

हत्तींवर कुणा जातीचं, धर्माचं वा शेजाऱ्याचं नाव किंवा खूण कोरून देण्याचं काम आम्ही घेत नाही, कितीही पैसे मिळाले तरी. ऑर्डर देताना फाटकाचा समोरून काढलेला फोटो, खांबाची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची आणावी. शिल्प जितकं उंच बसणार, तितका उठाव खोल ठेवावा लागतो.