गिटार, वारसागत (गोवा)

घराण्यात पिढीजात चालत आलेली, विजेच्या जोडणीविना वाजणारी जुनी गिटार. गोव्यात ती प्रामुख्याने सासष्टी, बार्देश व तिसवाडी या तालुक्यांतील ख्रिस्ती घरांत आढळते. मांडो (कोकणी गीतप्रकार), तियात्र (कोकणी नाट्यप्रकार) आणि लग्नसमारंभ यांतील तिची साथ सर्वपरिचित असल्याने येथे केवळ ओळख, मोल आणि दुरुस्ती यांचा विचार केला आहे.

काळ व मूळ : गिटार पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली, असे सरसकट लिहिले जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांत व्हिओला जातीची, गिटारीसारखी वाद्ये येथे आली असणे शक्य आहे, पण ती जोडतारांची, म्हणजे दोन-दोन तारांच्या जोड्यांची होती. सहा एकेरी तारांची रचना युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावली. आजचा रुंद घेर आणि तबलीखाली (गिटारीच्या पुढच्या पातळ फळीखाली) पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या मुख्यतः आंतोनिओ दे तोरेस (१८१७–९२) या स्पॅनिश कारागिराच्या कामातून रूढ झाल्या. त्यामुळे सहा तारांची गिटार तीनशे वर्षांची असल्याचे घरोघरी सांगितले जात असले, तरी ते मान्य करता येत नाही. फादो या पोर्तुगीज गानप्रकारासाठी वाजणारी, बारा तारांची व नासपतीच्या आकाराची पोर्तुगीज गिटार हे वेगळे वाद्य असून तिचे मोल वेगळ्या कसोटीने ठरते.

लेबल नसलेली गिटार लिस्बन किंवा पोर्तो येथील मानण्याकडे कल दिसतो. ते अशक्य नाही, तथापि सावधगिरी बरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेनचे घाऊक व्यापारी शेजारच्या बोहेमियातील शोनबाख (आजचे लुबी) येथील घरगुती कारागिरांची वाद्ये जगभर पाठवीत. त्यांवर अनेकदा निर्मात्याचे नाव नसे, किंवा विकणाऱ्या दुकानाचेच लेबल चिकटवलेले असे. मुंबईच्या दुकानाचे लेबल (उदा. १८६५ साली स्थापन झालेले फुर्टाडोस) हा विक्रीचा पुरावा धरावा, निर्मितीचा नव्हे. वाद्य मुंबईमार्गे आले की मुरगाव बंदरातून, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. भारताच्या १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीनंतर गोव्याची बाजारपेठ समुद्रमार्गे येणाऱ्या परदेशी मालावर विसंबली, आणि १९६१ नंतर भारताचे आयातनिर्बंध येथेही लागू झाले. म्हणून साठोत्तरी युरोपीय गिटार दुकानातून घेतलेली असण्यापेक्षा जहाजावरील नोकरदाराने, म्हणजे तारवटीने, किंवा आफ्रिकेतून परतलेल्या नातलगाने आणलेली असण्याचा संभव अधिक वाटतो.

ओळख : ध्वनिछिद्रातून बॅटरी व दंतवैद्याचा छोटा आरसा आत घालून पाहणे ही पहिली पायरी. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतरचा. ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर वाद्य १९४९ च्या अलीकडचे. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचे. १९४६ साली सुरू झालेल्या फ्रामुस कंपनीच्या गिटारींवर बहुधा क्रमांकाशेजारी वर्षाचे दोन अंक व महिन्याचे अक्षर असते (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर). अमेरिकेच्या मार्टिन कंपनीचे क्रमांक १८९८ पासून मिळतात आणि मॉडेलचा शिक्का १९३० च्या अखेरीपासून. मात्र अशी गिटार गोव्यात विरळाच. कोलकात्यात बनलेल्या गिव्हसनसारख्या गिटारी पुष्कळ आहेत. त्यांचे मोल बाजारापेक्षा आठवणीत जास्त.

लेबल खोटे असू शकते, बांधणी सहसा नसते. फुली खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वी नव्हते. ते मूळचेच असतील तर वाद्य त्यानंतरचे. मान धडाला जुळते त्या टाचेजवळच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब लावून मुलामा चिकट झाला तर तो चपड्याचा (लाखेचा), म्हणजे बहुधा जुन्या पद्धतीचा. पण गोव्यातील सुतार फर्निचरलाही चपडाच लावीत आले आहेत, त्यामुळे नंतर कोणी पॉलिश केले असल्यास ही चाचणी फसते.

मोल : निर्माता, मूळपण आणि अवस्था, याच क्रमाने पाहिले जाते. पुन्हा पॉलिश केल्याने संग्राहकांच्या बाजारात नामवंत वाद्याची किंमत निम्म्यावर येऊ शकते. साध्या वाद्याला फारसा फरक पडत नाही. विम्यासाठीची किंमत व विक्रीची किंमत एक नसते, हे वारसांना बऱ्याचदा वाटणीच्या वेळीच कळते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या (१८६७) परंपरेतील इन्व्हेंटरी प्रक्रियेत, म्हणजे वारसांतील वाटणीच्या कार्यवाहीत, जंगम वस्तूंचीही यादी व मूल्यांकन होते आणि वारस आपसात बोली लावू शकतात. जुन्या यादीत गिटारीची नोंद सापडली, तर कौटुंबिक आठवणीपेक्षा तो पुरावा वजनदार ठरतो.

दुरुस्ती : गोव्यातील बहुतेक बिघाडांचे मूळ पावसाळ्यात आहे. गिटारीला सुमारे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकूड फुगते, तबली वर येते, सरसाचे सांधे सुटतात. त्यात आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांसाठी घडवलेल्या गिटारीला स्टीलच्या तारा चढवल्या, तर साधारण ४० किलोंऐवजी ७० किलोंहून अधिक ताण येतो आणि ब्रिज (तबलीवरची, तारा अडकवण्याची पट्टी) उखडतो. हा प्रकार इतका सर्रास आहे की उखडलेला ब्रिज पाहून वाद्य निकृष्ट ठरवू नये.

सरसाचा सांधा उष्णता व ओलाव्याने सोडवता येतो, म्हणून पुन्हा जोडताना सरसच वापरावा. सुताराकडचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली सरकतो आणि पुढच्या कारागिराचे काम अवघड करतो. मान पुढे झुकली असल्यास, स्टीलच्या तारांच्या बऱ्याच गिटारींत ती वाफेने सोडवून नव्या कोनात बसवतात. स्पॅनिश बांधणीत मान व धड एकसंध असल्याने हा उपाय लागू पडत नाही. तेथे फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटे दाबण्याची पट्टी) किंवा ब्रिज यांवरच काम करावे लागते. भुंगेऱ्यांची भोके दिसली, तर ताजी भुकटी पडते का हे आधी पाहावे. तडे बुजवण्याची घाई नको. कोरड्या हंगामात तडा स्थिर झाल्यावर आतून पातळ पट्टी लावणे श्रेयस्कर.

वाद्य परदेशी पाठवायचे असल्यास लाकडाची ओळख आवश्यक ठरते. ब्राझिलियन शिसव १९९२ पासून साइटीसच्या (दुर्मिळ वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. भारतीय शिसवासह शिसवाच्या इतर जाती २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आल्या. २०१९ नंतर मात्र त्यांपासून बनलेल्या तयार वाद्यांना सूट मिळाली. शंभर वर्षांवरील कारागिरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, आणि पुरावस्तूची खाजगी निर्यात त्यानुसार करता येत नाही.