ब्रिटनमधला साधा कामगार वर्षातून तीन-चारदा फॉरेनला जातो का?

फॉरवर्ड असा फिरतो की तिकडचा साधा ड्रायव्हर, दुकानातला माणूससुद्धा वर्षातून तीन-चारदा परदेशात, जवळच्या स्पेनला वगैरे, फिरून येतो. वाचून कुणालाही पटेल कारण ट्रिपांचा एकूण आकडा खरंच मोठा आहे, 2019 मध्ये ब्रिटनच्या लोकांच्या परदेशवाऱ्या झाल्या सुमारे 9 कोटी 31 लाख. पण यात ऑफिसचं काम, नातेवाईकांकडे जाणं सगळं आलं, निव्वळ सुट्टीच्या ट्रिपा सुमारे 5 कोटी 87 लाख आणि लोकसंख्या साधारण 6 कोटी 68 लाख, म्हणजे माणशी वर्षाला एकसुद्धा पूर्ण भरत नाही!

शिवाय एकच माणूस चारदा गेला तर चार ट्रिपा मोजतात, म्हणजे कित्येकजण त्या वर्षी गेलेच नसणार. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या 13.5 टक्के लोकांकडे पासपोर्टच नव्हता.

स्पेन मात्र त्यांना खरंच जवळ आहे, दोन-अडीच तासांची फ्लाइट, त्यामुळे जाणं सोपं हे मान्य. पण आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने किमान 28 दिवस भरपगारी रजा, आणि त्यातच सार्वजनिक सुट्ट्या धरायची मालकाला मुभा आहे, म्हणजे तीन-चार ट्रिपांसाठी रजा तशी मोजकीच.

तपासायचं असेल तर तिथली सरकारी प्रवास आकडेवारी नेटवर फुकट मिळते, फक्त एकूण आकडा न बघता ‘प्रवासाचं कारण’ हा कॉलम बघा आणि लोकसंख्येने भागा.